सांचीच्या टेकडीवरून काय गेले, काय परत आले

दरवर्षी नोव्हेंबर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सांचीच्या टेकडीवर मोठी गर्दी होते. तथागतांचे दोन अग्रश्रावक, स्थविर सारिपुत्त आणि स्थविर महामोग्गल्लान, यांच्या अस्थिधातू त्या दिवशी चेतियगिरी विहारातून दर्शनासाठी बाहेर काढतात. एरवी त्या कुलपात असतात. श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम येथून भिक्खू येतात, आसपासच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसे येतात आणि आपल्या महाराष्ट्रातून तर बसच्या बस येतात. आमच्या वसाहतीच्या विहारातून आम्ही एकवीस जण गेलो होतो. त्यात अकरा महिला, तीन शाळकरी मुले, दोघे सत्तरीच्या पुढचे. हिशेब माझ्याकडे होता. कार्यालयात वीस वर्षे आवक-जावक रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसाकडे सहलीचा हिशेब आपोआप येतोच!

रात्रीच्या गाडीने भोपाळला उतरलो. तेथून सांची ४६ किलोमीटर. रेल्वेही आहे, पण म्हातारी माणसे सोबत असल्याने आम्ही लहान बस ठरवली. वाटेत रस्त्याच्या कडेला कर्कवृत्ताची खूण आहे. भूगोलाच्या पुस्तकातली रेघ खरोखर जमिनीवर पाहून मुले हरखली. एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो झाले. पुढे थोड्याच वेळात डाव्या-उजव्या बाजूचे सपाट शेत संपून टेकडी दिसू लागते आणि तिच्या माथ्यावर तो अर्धगोल.

महास्तूपाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, त्यामुळे मी थोडक्यात सांगतो. व्यास ३६.६० मीटर, उंची साडेसोळा मीटरच्या आसपास. मूळचा विटांचा स्तूप सम्राट अशोकाच्या काळचा, पुढे शुंगांच्या काळात त्यावर दगडी आवरण चढले आणि सातवाहनांच्या काळात चार दिशांना चार तोरणे उभी राहिली. सातवाहन म्हटले की आपल्याकडचे कार्ले, नाशिक, जुन्नर आठवतेच. सांचीच्या दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या प्रमुखाचे नाव कोरलेले आहे, हे पाहून आमच्यातल्या जुन्नरकर काकांची मान जरा उंच झाली.

पण मला त्या तोरणांवरच्या कोरीव चित्रांपेक्षा कठड्यांवरचे लेख जास्त ओढ लावतात. सांचीला असे सुमारे आठशे लेख आहेत आणि त्यातले बहुतेक अगदी छोटे आहेत. अमक्या गावच्या अमक्याचे दान, एवढेच. भिक्खुणींची नावे आहेत, उपासिकांची आहेत, व्यापाऱ्यांची आहेत. विदिशेच्या हस्तिदंतावर काम करणाऱ्या कारागिरांनी दक्षिण तोरणाचे कोरीवकाम केले, असे त्या तोरणावरच लिहिले आहे. म्हणजे ही इमारत कोणा एका राजाच्या खजिन्यातून उभी राहिलेली नाही. वर्गणीतून उभी राहिलेली आहे. कोणी एक फरशी दिली, कोणी एक आडवी पट्टी दिली आणि त्यावर नाव घातले. आपल्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी असते ना, तसेच. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांना ब्राह्मी लिपी उलगडली, ती सांचीच्या याच छोट्या लेखांमुळे. प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात हे त्यांनी हेरले, हा शब्द ‘दानं’ असणार असा तर्क केला आणि कुलूप उघडले. अशोकाचे शिलालेख आपण आज वाचू शकतो, त्याच्या मुळाशी या साध्यासुध्या माणसांच्या वर्गणीच्या पावत्या आहेत.

दुसरे एक प्रकारचे लेख तोरणांच्या खांबांवर आहेत. ते मात्र वर्गणीचे नव्हेत, ताकिदीचे आहेत. सांचीचे प्राचीन नाव काकणाव. या काकणावाचे दगडी काम जो कोणी उखडील, किंवा उखडायला लावील, किंवा येथून दुसऱ्या आचार्यकुलाकडे हलवील, त्याला पाच महापातके करणाऱ्याची गती मिळेल, असा त्यांचा आशय आहे. ती पाच महापातके म्हणजे मातेची हत्या, पित्याची हत्या, अर्हताची हत्या, तथागतांच्या शरीरातून रक्त काढणे आणि संघात फूट पाडणे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना आपल्या वस्तू कोणीतरी उचलून नेईल ही भीती होती, आणि त्यांनी ती दगडावर लिहून ठेवली. विशेष हे की, दुसऱ्या एखाद्या विहारात नेणेसुद्धा त्यांना मान्य नव्हते.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींनी हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “भाऊ, एवढं लिहून ठेवलं होतं, तरी नेलंच ना? चोरून नेलं का इचारून नेलं?”

प्रश्न एका ओळीचा होता. त्याचे उत्तर मला टेकडी उतरेपर्यंत पुरले. ते इथे जरा सविस्तर देतो.

१८१८ साली जनरल टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने झाडीत हरवलेली ही टेकडी पाहिली. तेव्हा महास्तूपाची तीन तोरणे उभी होती. १८२२ साली भोपाळच्या पोलिटिकल एजंटाचा सहायक कॅप्टन जॉन्सन याने आत धन असेल या आशेने महास्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. धन मिळाले नाही, पण त्या खिंडारामुळे पश्चिमेचे तोरण कोसळले. पुढे कोणी ना कोणी कुदळ घेऊन येतच राहिले. आपल्या लोकांनीही कसर ठेवली नाही. दक्षिण तोरणाजवळचा अशोकस्तंभ, ज्यावर संघात फूट पाडणाऱ्यांना ताकीद दिलेली आहे, तो एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला! त्याचा बुंधा तेवढा जागेवर आहे आणि सिंहांचे शीर्ष खालच्या संग्रहालयात आहे.

१८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम आणि कॅप्टन मेसी हे दोघे आले. त्यांनी स्तूपांच्या मधोमध विहिरीसारखे खड्डे घेतले. महास्तूपात काही मिळाले नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात दहा स्थविरांच्या अस्थी मिळाल्या. तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात, जो महास्तूपाच्या ईशान्येला आहे आणि ज्याला एकच तोरण आहे, दोन दगडी पेट्या मिळाल्या. एकीच्या झाकणावर सारिपुत्तांचे नाव, दुसरीच्या झाकणावर महामोग्गल्लानांचे. आत मऊ दगडाच्या करंड्या आणि त्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला शाईने एकेक अक्षर लिहिलेले. एकीत ‘स’, दुसरीत ‘म’. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. दगड कोरणाऱ्याची छिन्नी वेगळी आणि शाईने अक्षर घालणाऱ्याचा हात वेगळा. अदलाबदल होऊ नये म्हणून कोणीतरी घाईने खूण केली असावी, असे मला वाटते. सारिपुत्तांच्या पेटीत चंदनाचे दोन तुकडेही होते. ते त्यांच्या चितेवरचे असावेत, असा कनिंगहॅमचा तर्क.

असेच सांचीपासून पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर सातधारा नावाच्या ठिकाणीही झाले. तिथल्या एका स्तूपातही याच दोन स्थविरांच्या नावांच्या करंड्या निघाल्या. हे लक्षात ठेवा, पुढे याचे काम पडणार आहे.

या वस्तू इंग्लंडला गेल्या. मेसीच्या वाट्याच्या वस्तू १८६६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला उसन्या दिल्या गेल्या. त्याचेच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय झाले. १९२१ साली संग्रहालयाने त्या मेसीच्या वारसांकडून चक्क विकत घेतल्या. सारिपुत्त-मोग्गल्लानांच्या अस्थींची खरेदी-विक्री! बौद्ध उपासक लंडनला जात, काचेच्या कपाटापुढे हात जोडत आणि पहारेकरी बघत राहत. अनागारिक धम्मपालांनी १८९१ साली स्थापन केलेल्या महाबोधी सोसायटीने आणि इतर बौद्धांनी या अस्थी परत मागितल्या. अर्ज, स्मरणपत्रे, पुन्हा अर्ज. सरकारी पत्रव्यवहार काय असतो हे मी रोज पाहतो, म्हणून त्या माणसांच्या चिकाटीपुढे माझा माथा नमतो. १९३९ साली संग्रहालय तयार झाले, तोच महायुद्ध पेटले. अखेर फेब्रुवारी १९४७ मध्ये, देश स्वतंत्र व्हायच्या सहा महिने आधी, अस्थी सोसायटीच्या प्रतिनिधींच्या हाती आल्या. त्या आधी श्रीलंकेला गेल्या, तिथे लाखो लोकांनी दर्शन घेतले. जानेवारी १९४९ मध्ये कलकत्त्याला आल्या, तेथे पंडित नेहरूंच्या हस्ते स्वीकारल्या गेल्या. काही भाग ब्रह्मदेशाला दिला गेला. आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. नेहरू आणि ब्रह्मदेशचे पंतप्रधान ऊ नू दोघेही हजर होते. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार आपण पाळतो, तो या दिवसाच्या आठवणीने. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये याच अस्थी तथागतांच्या पिपरहवा येथील धातूंसोबत थायलंडला दर्शनासाठी गेल्या आणि परत आल्या.

आता चोरून की विचारून? १८५१ साली आपल्याकडे जमिनीतून निघालेल्या पुरातन वस्तूंसंबंधी कायदाच नव्हता. निखात निधीचा कायदा १८७८ चा, प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा १९०४ चा आणि आज लागू आहे तो पुरावशेषांचा कायदा १९७२ चा. युनेस्कोचा चोरट्या व्यापाराविरुद्धचा करार १९७० चा, आणि तो मागच्या काळाला लागू होत नाही. त्यामुळे कोर्टात ‘चोरी’ असा शिक्का मारणे अवघड. पण तोरणावरचा लेख तर होता! तो नेणाऱ्यांना वाचता येत होता. कनिंगहॅमने स्वतःच सांचीचे लेख छापले. म्हणून मी आजींना एवढेच म्हणालो, “आजी, मालकाला विचारलं नाही, हे नक्की.”

जे परत आले नाही, त्याचीही नोंद घेऊ. तोरणाच्या आधारावर झाडाची फांदी धरून उभी असलेली जी यक्षी असते, तशी सांचीची एक यक्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचा क्रमांक १८४२,१२१०.१. कारकुनाच्या डोळ्याला हा क्रमांक लगेच वाचता येतो. साल १८४२, महिना बारावा, तारीख दहा, त्या दिवशीची पहिली वस्तू. आवक रजिस्टर म्हणतात ते हेच. पण आवक केव्हा झाली हे त्यावरून कळते, जावक केव्हा आणि कोणाच्या सहीने झाली हे कळत नाही. सांचीहून ती काढायची परवानगी कोणी दिली, याचा रकाना अशा वहीत नसतोच. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वालुकाश्माचे एक बोधिसत्त्वाचे धड आहे. शिर नाही, हात नाहीत, खांद्यावर हरणाचे कातडे. ‘सांची टॉर्सो’ म्हणून ते जगभर प्रसिद्ध आहे. भोपाळला पोलिटिकल एजंट राहिलेल्या किनकेड नावाच्या अधिकाऱ्याकडून ते तिकडे पोचले. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ च्या कायद्याने आपल्या संग्रहातील वस्तू सहसा देता येत नाहीत, असे उत्तर आता मिळते. १९४७ साली हा १९८३ चा कायदा नव्हता, हे आपले नशीब.

तोरणेही थोडक्यात वाचली. पूर्वेचे तोरण पॅरिसला न्यावे म्हणून फ्रेंचांनी भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्याकडे परवानगी मागितली होती. काही इंग्रजांचाही डोळा होता. शेवटी प्लास्टरचे साचे घेऊन प्रतिकृती पाठवण्यावर भागले. आज बर्लिनमध्ये हुम्बोल्ट फोरमच्या समोर याच तोरणाची दगडी प्रतिकृती २०२२ पासून उभी आहे आणि मूळ तोरण इथे माझ्यासमोर. साचे घेण्याचे काम करणारा एच. एच. कोल हा अधिकारी मूळ वस्तू देशाबाहेर नेण्याच्या विरुद्ध होता आणि त्याने तसे स्पष्ट लिहिले. शाहजहान बेगम आणि त्यांच्या कन्या सुलतान जहान बेगम यांनी सांचीच्या दुरुस्तीला पैसा दिला, संग्रहालयाला दिला, जॉन मार्शल यांच्या ग्रंथाला दिला. आज विटेला वीट लागलेली दिसते, ती १९१२ ते १९१९ च्या मार्शलच्या कामामुळे. एका मुस्लिम राजघराण्याने बुद्धाची टेकडी सांभाळली, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. अमरावतीच्या नशिबी असे कोणी नव्हते. तिथले कोरीव दगड मद्रासला गेले, लंडनला गेले. जागेवर उरला तो उंचवटा.

वस्तूचा मूळ ठावठिकाणा आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे शोधणारे आता संग्रहालयांतून खास लोक असतात. शेतकरी बांधवांना हे समजावून सांगायला नको. सातबारा आणि त्यामागचे फेरफार, तेच हे. एक फेरफार गहाळ झाला की जमीन कोणाचीही होते. नालंदाच्या संग्रहालयातून १९६१ साली चौदा मूर्ती चोरीला गेल्या. त्यातली बाराव्या शतकातली एक बुद्धमूर्ती २०१८ साली एका व्यापार मेळ्यात दिसली. पुरातत्त्व खात्याकडे तिचे जुने फोटो होते, म्हणून ती ओळखता आली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला परत मिळाली. फोटो नसता तर? आपल्या गावागावांतल्या लेण्यांत, शेताच्या बांधावर ज्या भग्न मूर्ती पडल्या आहेत, त्यांचे फोटो तारीख घालून कोणी काढले आहेत का? मी तालुक्याला विचारून पाहिले आहे. असो.

उलट पिपरहवाचे पाहा. १८९८ साली विल्यम पेपे या जमीनदार इंग्रजाला तिथल्या स्तूपात अस्थी आणि रत्ने सापडली. अस्थी सयामच्या राजाला गेल्या, रत्नांचा मोठा भाग कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला, पण एक हिस्सा पेपे कुटुंबाकडे राहिला. ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला सदबीजमध्ये त्यांचा लिलाव ठरला होता. भारत सरकारने नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, लिलाव थांबला. ३० जुलै २०२५ रोजी रत्ने देशात आली, ती गोदरेज समूहाने विकत घेतल्यामुळे. आली याचा आनंद आहेच. पण बुद्धाला वाहिलेल्या दानाची किंमत मोजावी लागली, हे मला पटत नाही. १९४७ साली कोणी विकत मागितले नव्हते, हक्काने मागितले होते.

आता सातधाऱ्याचे. दर्शनाच्या रांगेत आमच्यातल्या एका ताईंनी, ज्या इतिहासात एम. ए. करीत आहेत, हळूच सांगितले की या अस्थी सांचीच्या की सातधाऱ्याच्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते मेसीने नेल्या त्या सातधाऱ्याच्या आणि सांचीच्या कनिंगहॅमकडे राहिल्या. कनिंगहॅमचा मोठा संग्रह घेऊन जाणारे ‘इंडस’ नावाचे जहाज १८८५ साली श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ बुडाले. दुसरे म्हणतात, सगळेच मेसीने नेले. ऐकून दोन-तीन महिला अस्वस्थ झाल्या. एक काका चिडलेच. “दर्शनाच्या वेळी असलं काही बोलू नये,” म्हणाले.

“काका, मी वंदन करणारच आहे,” ताई शांतपणे म्हणाल्या. “पण कुठल्या स्तूपातल्या, हे बरोबर लिहिलं पाहिजे. त्या स्तूपांवर पण कोणीतरी ‘स’ आणि ‘म’ लिहिलं होतं.”

मला ताईंचे म्हणणे पटले. दोन्ही ठिकाणी नावे त्याच दोन स्थविरांची आहेत, त्यामुळे श्रद्धेला धक्का लागायचे कारणच नाही. मात्र सातधाऱ्याच्या अस्थी असतील तर सातधाऱ्याच्या नावावर त्या लागल्या पाहिजेत. रांग पुढे सरकली. काचेच्या आत छोटीशी करंडी, भोवती फुले, पूज्य भन्ते त्रिसरण म्हणत होते. पाच-सहा सेकंद मिळतात. काका सर्वांत पुढे होते आणि सर्वांत उशिरा हलले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवून सातधाऱ्याला गेलो. काकाही आले. हलाली नदीच्या कड्यावर, झाडीत, एकामागून एक स्तूप आहेत. त्यातला मोठा तर सांचीच्या महास्तूपाची आठवण करून देणारा. पुरातत्त्व खात्याने दुरुस्ती केली आहे. माणूस मात्र नाही. मुलांनी एका स्तूपाला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि आम्ही तिथेच बुद्धवंदना घेतली.

जाणाऱ्यांसाठी थोडे. सांचीचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्या हिशेबाने बेत करावा. नोव्हेंबरात जायचे तर राहण्याची सोय महिनाभर आधी करावी. महाबोधी सोसायटीची धर्मशाळा लवकर भरते, मग विदिशेला उतरावे, ते दहाच किलोमीटर आहे. पहाटे टेकडीवर थंडी चांगलीच असते, म्हाताऱ्यांना स्वेटर हवे. सातधाऱ्याला स्वतंत्र गाडी करावी लागते. पाणी आणि डबा सोबत न्यावा, तिथे दुकान नाही.